एल्डनच्या बंदुकीचं नवं तोंड

ट्रेंटने बापाची बंदूक खोलून तिचे तुकडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले, तेव्हा त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अर्डेला झीब सूपमध्ये सोडायच्या गोळ्यांचं पीठ मळत होती. तिच्या नवऱ्याने, एल्डनने, चाळीस वर्षं ही बंदूक गॅरेजात बसून साफ केली होती. जेवायच्या टेबलावर ती आणावी असं त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. मुलाने आणली, आणि वर तेलाची बाटली पिठाच्या परातीला टेकवून ठेवली. अर्डेलाने परात आपल्याकडे ओढून घेतली आणि मूग गिळून बसली.

गप्प बसायला कारण होतं. एल्डन जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. डेन्व्हर, डॅलस आणि आणखी कुठे कुठे धंदे बुडवत हिंडलेला तिचा एकुलता एक मुलगा नाताळाला घरी आला होता, आणि मार्च उजाडला तरी गेला नव्हता. राहणार आहेस का, हे तिने विचारलं नव्हतं. विचारलं आणि तो नाही म्हणाला तर काय, ही धास्ती. तो राहावा म्हणून तिने हे घर मधोमध कापू दिलं असतं, तिथे बंदुकीचं काय.

बंदूक जुनी होती, पंपाची. पुढची मूठ मागे ओढायची की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलायची की नवं आत. एल्डनच्या हातात ती इतक्या सहज चालायची की मागे बसलेल्या अर्डेलाला दोन बारांच्या मधला तो खटका ऐकूसुद्धा यायचा नाही. अडचण एकच होती. पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे बंद झाले, लोखंडी आले. आणि जुन्या नळीचं तोंड इतकं आवळ की लोखंड त्यातून गेलं तर नळीच फुगायची. एल्डन हंसांसाठी महागडी मऊ धातूची काडतुसं आणायचा, थोडीच आणायचा, आणि हंसही थोडेच मारायचा.

"असं कंजुषीनं आता चालत नाही, आई," ट्रेंट म्हणाला. "वसंतात पांढऱ्या हंसांना मर्यादाच नाही. कितीही मारा. तीन काडतुसांची अटही नाही, कर्णे लावून हंसांचे आवाज वाजवले तरी चालतात. सरकारलाच ते कमी करायचेत. उत्तरेकडचं सगळं कुरण त्यांनी खाऊन टाकलंय. दक्षिणेकडून गिऱ्हाईकं येतायत. मी त्यांना नेणार."

"आणि ही बंदूक?"

"गाईडच्या हातात बापाची बंदूक. लोकांना आवडतं असलं."

हे 'असलं' तिला आवडलं नाही. पण मुलगा पुढच्या महिन्यापर्यंतचं काहीतरी बोलत होता, म्हणजे तोवर तरी राहणार होता. तिने पिठावर ओला फडका टाकला.

नळीचं काम शेजारच्या मायलो ऑपने केलं. मायलो हिवाळाभर आपल्या शेडमध्ये आसपासच्या बंदुका दुरुस्त करायचा. एल्डनचा जन्माचा सोबती, आणि तळ्याकाठचं मक्याच्या खुंटांचं जे शेत हंसांनी पांढरं व्हायचं, तेही त्याचंच. त्याने नळीचं तोंड आतून मोठं केलं, त्याला आटे पाडले आणि त्यात हवं तसं सैल किंवा आवळ तोंड बसवायची सोय करून दिली. दस्त्याच्या मागे मऊ रबराची गादीही बसवली.

"बंदुकीला म्हातारपणी नवे दात बसतात," मायलो म्हणाला. "मला बसवले तर ते पाण्याच्या पेल्यातच राहतात."

अर्डेलाने बंदूक खांद्याला लावून पाहिली. पूर्वी एल्डनबरोबर फेझंट पक्ष्यांच्या शिकारीला जाऊन आली की आठवडाभर तिचा खांदा काळानिळा असायचा. आता गादी मऊ लागली. अक्रोडाच्या लाकडाला गाल टेकला, तिथे एल्डनच्या गालाने घासून घासून गुळगुळीत झालेली जागा होती. तिला मनापासून बरं वाटलं. जुन्या वस्तूला हात लावायचा नाही म्हणणाऱ्यांतली ती नव्हती. बंदूक चालवायला असते, चालायला हवी तर बदलायला हवी. ट्रेंट एवढ्यावरच थांबला असता तर तिने त्याचं कौतुकच केलं असतं.

तो थांबला नाही. आबर्डीन शहरातल्या दुकानातून खोकं आलं. अक्रोडाचा दस्ता निघाला आणि काळ्या प्लास्टिकचा आला. काडतुसांच्या नळीला पुढे आणखी एक नळी जोडली. आता बंदूक एका दमात दहा काडतुसं गिळणार होती. आतून एल्डनने चाकूने तासून बसवलेली लाकडी कांडी निघाली. तीनपेक्षा जास्त काडतुसं जाऊ नयेत म्हणून कायद्यासाठी घातलेली. ट्रेंटने ती कचऱ्यातल्या अंड्यांच्या टरफलांवर फेकली. मग सगळ्या बंदुकीला वाळक्या बोरूचं चित्र असलेली चिकटपट्टी गुंडाळली. झालं तेव्हा ती वस्तू पुराच्या पाण्यात वाहून आलेल्या फांदीसारखी दिसत होती.

"लाकूड कशाला काढलंस?" न राहवून अर्डेलाने विचारलं.

"चिखलात लाकूड फुगतं, आई."

"चाळीस वर्षांत नाही फुगलं ते."

"बाबा दोन हंस मारून घरी यायचे. गिऱ्हाइकांना फोटोत दिसायला बंदूक लागते, म्युझियम नाही."

मायलोने ती पाहिली तेव्हा टोपी मागे सरकवून म्हणाला, "एल्डनची बंदूक कुठाय?"

"हीच ती, मायलो काका."

"मी तोंड बदलून दिलं होतं. हा उकिरडा कुणी चढवला अंगावर?"

ट्रेंट हसला. मायलोही हसला, पण त्याने बंदूक हातात घेतली नाही. तरी त्याने शेत दिलं. ट्रेंट रीतसर त्याच्या स्वयंपाकघराच्या दाराशी, टोपी हातात घेऊन विचारायला गेला होता, आणि एल्डनच्या मुलाला नाही म्हणणं मायलोला जमणारं नव्हतं. या भागात शिकारीला शेत मागायचं ते असंच मागतात. त्याचं भाडं देत नाहीत. संध्याकाळ व्हायच्या आत पक्षी सोलून, धुऊन, कागदात बांधून मालकाच्या दाराशी नेऊन द्यायचे, एवढंच. ते लिहिलेलं कुठे नाही आणि ते कुणी चुकवतही नाही.

हंस आले. तळ्यावरचा बर्फ कडेने सुटला आणि आभाळ एका बाजूने पांढरं होऊन आवाज करायला लागलं. ट्रेंटची गिऱ्हाईकं मोठमोठ्या गाड्यांतून आली. पहाटेपासून कर्ण्यांतून हंसांचा आरडाओरडा सुरू व्हायचा, तो अर्डेलाच्या न्हाणीघरातही ऐकू यायचा. खरे हंस ओरडतात तेव्हा त्यात काही बोलणं असतं. हे नुसतं भोकाड होतं.

एका सकाळी ती कॉफीचा मोठा थर्मास आणि गरम डोनट घेऊन शेतावर गेली. मुलाचं काम पाहावं, चार माणसांसमोर त्याचा मान वाढवावा, एवढाच हेतू. ती शेडच्या आडोशाला उभी राहिली. हंस वाटावेत म्हणून खुंटांत रोवलेल्या पांढऱ्या फडक्यांवर एक थवा गोल गोल फिरत खाली आला. मग माणसं उठली आणि बार सुरू झाले ते थांबेचनात. ट्रेंटने दहाच्या दहा झाडली. नेम धरणं नावाला नव्हतं. तो थव्यात झाडत होता, मूठ ओढत होता, पुन्हा झाडत होता. एल्डनच्या हातात जो खटका ऐकू यायचा नाही तो इथे फाटकाच्या कडीसारखा वाजत होता. पाय लोंबकळत, एक पंख पाडून पाचसहा हंस तळ्याकडे गेले आणि पाण्यात पडले. त्यांच्यामागे कुणी गेलं नाही. कुणी तिकडे पाहिलंही नाही.

फोटोची वेळ झाली. हंस ओळीने मांडून त्यांची अक्षरं केली, गिऱ्हाइकांच्या कंपनीचं नाव. टोपीवाल्या एका गड्याने एका हंसाच्या चोचीत सिगारेट खोचली. बाकीचे खो खो हसले. सिगारेट खाली पडली, तर ट्रेंटने वाकून ती पुन्हा नीट बसवून दिली. तिच्या मुलाने. मेलेल्या जनावराची चोच दोन बोटांनी उघडून, दुकानदार गिऱ्हाइकाला चप्पल घालून पाहायला देतो तशा तत्परतेने.

अर्डेलाला शिसारी आली. तिने आयुष्यभर कोंबड्या कापल्या होत्या, डुकरं कापायच्या दिवशी रक्ताच्या बादल्या उचलल्या होत्या. रक्ताची तिला किळस नव्हती. तिने थर्मास आणि डोनटचं खोकं ट्रेंटच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि घरी आली.

"एवढ्या हंसांचं करतात काय?" संध्याकाळी तिने विचारलं.

"गिऱ्हाईकं नेतात."

गिऱ्हाइकांच्या बर्फाच्या पेट्यांत नुसती बिअर होती. ते तिने सकाळीच पाहिलं होतं. मुलगा तिसऱ्यांदा सूप वाढून घेत होता, गोळे तिच्या आईच्या हातच्यासारखे झालेत म्हणत होता. तिने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं आणि त्याच्या पुढ्यात पाव सरकवला.

धान्याच्या कोठारावर सकाळी गावातली माणसं कॉफीला जमतात तिथे मायलो तिला चिडवू लागला. "माझे हंस उडत येणार आहेत की चालत, अर्डेला?" पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, "एल्डन गेल्यापासून हंस माझा पत्ता विसरलेले दिसतात." सगळे हसले. त्या हसण्याच्या खाली काय आहे ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. तिचे कान तापले.

घरी येऊन ती ट्रेंटला म्हणाली, "आजच्या आज मायलोकडे हंस पोचले पाहिजेत. सोललेले. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

"बरं बाई. देतो."

रात्री जेवताना तो म्हणाला, "दिले तुझ्या मायलोला. खूश झाला म्हातारा." तिचा जीव भांड्यात पडला. पोरगा शिकतोय, असं तिला वाटलं. सवय सुटलेली असते, हळूहळू येईल. त्या रात्री तिने पाईसाठी गोठवलेली चेरी बाहेर काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलो दाराशी आला. टोपी हातात. दुसऱ्या हातात पांढऱ्या कागदातलं पुडकं. तो आत आला नाही.

"अर्डेला, ट्रेंटने काल हे आणून दिलं," तो म्हणाला. "मी बायकोला म्हटलं, भिजत घाल. तिने कागदाला हात लावला आणि मला हाक मारली."

त्याने पुडकं पुढे केलं. कागदाची कड दोनदा दुमडून टोकं आत खोचलेली, चिकटपट्टी न लावता. असं पुडकं सगळ्या तालुक्यात एकच माणूस बांधायचा. इतरांची पुडकी फ्रीझरात सुटत, एल्डनची कधी सुटली नव्हती.

"हे एल्डनने बांधलेलं आहे," मायलो म्हणाला. "मला खाववणार नाही. तू त्याची पुडकी ठेवली असशील ना?"

ठेवली होती. खाली तळघरातल्या फ्रीझरात, मटारच्या पिशव्यांखाली, एल्डनने शेवटच्या थंडीत बांधलेली चार पुडकी. ती खायची नव्हती आणि टाकायचीही नव्हती. ती का ठेवलीत हे तिने स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. ती तळघरात गेली नाही. जाऊन मोजायची गरज नव्हती.

"मायलो, मला माहीत नव्हतं."

"ते मला माहितीये." त्याने टोपी घातली. "या वर्षीचे हंस कुठे जातात, तेवढं बघ. तुझ्या जुन्या खड्ड्यावर गरुड फार झालेत."

ते गरुड तिनेही पाहिले होते. कुणाचं वासरू मेलं असेल, म्हणून सोडून दिलं होतं. तिने एल्डनचे रबरी बूट चढवले आणि झाडांच्या पट्ट्यापलीकडे निघाली. गुरांच्या पाण्यासाठी तिच्या सासऱ्याने खणलेला तो खड्डा आता कोरडाच असायचा. वाटेवर ट्रेंटच्या गाडीच्या चाकांचे ताजे चर होते.

वास आधी आला. मग गरुड उठले, जड होऊन, नाइलाजाने उठल्यासारखे. खड्डा अर्धा भरला होता. खालचे हंस पिवळे पडून एकमेकांत चिकटले होते, वरचे अजून पांढरे. एकाचीही छाती सोललेली नव्हती. एकालाही चाकू लागला नव्हता. मधून मधून बिअरचे डबे, काडतुसांची लाल टरफलं, डोनटचं तिचं स्वतःचं खोकं. थंडीचं ऊन त्यावर पडलं होतं आणि खालून वितळलेलं काहीतरी चिखलात झिरपत होतं.

ढिगाच्या कडेला एक मान वर झाली.

तो हंस जिवंत होता. कधीपासून होता कोण जाणे, काल, परवा. पंख मोडून उलटा झालेला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि चोच उघडली, आवाज आला नाही. अर्डेला त्या घाणीत उतरली. बूट घोट्यापर्यंत मऊ गोष्टींत रुतले. तिने त्याची मान धरली आणि एका हिसड्यात मोडली, जशी शेकडो कोंबड्यांची मोडली होती. मग ती वर आली, झाडाला धरून उभी राहिली आणि सकाळचं सगळं ओकून टाकलं.

घरी आली तेव्हा ट्रेंट टेबलाशी बसून चेरीची पाई खात होता. बंदूक त्याच्याजवळ, खुर्चीला टेकवलेली.

"खड्डा पाहून आले," ती म्हणाली.

काटा क्षणभर थांबला. "अच्छा." मग त्याने घास तोंडात घातला. "लोडरने बुजवणारच होतो. मायलोला बोललीस?"

"हे तू विचारतोस?"

"मग काय विचारू? आई, ते उडते उंदीर आहेत. सरकारच म्हणतं मारा."

"सरकारने मार म्हटलं. फेक म्हटलं नाही."

"सगळे फेकतात. एवढे हंस सोलायला बसलं तर शिकार कधी करायची? गिऱ्हाईकं मांसासाठी येतात का?"

"आणि तुझ्या बापाचं पुडकं? ते माझ्या फ्रीझरातून उचललंस."

त्याने खरंच गोंधळून तिच्याकडे पाहिलं. "तूच म्हणालीस, मायलोला हंस पोचव. हंस हंसच ना. दीड वर्ष पडून होते ते."

तिला वाटलं होतं तो खजील होईल. चिडेल, आवाज चढवेल, निदान मान तरी खाली घालेल. त्याच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. ओठांच्या कडेला चेरीचा रस लागला होता आणि तो आईची समजूत काढत होता. त्याला नाटकही करावं लागत नव्हतं. खड्ड्याच्या काठावर तिला जे झालं, ते त्याला कधीच झालं नसतं.

"बस ना," तो म्हणाला. "तुला सांगायचंच होतं. मी ठरवलंय. इथेच राहतो. पुढच्या वर्षी खड्ड्याच्या बाजूला गिऱ्हाइकांना उतरायला घर बांधू. तू सूप करशील, लोकांना असलं आवडतं. बाबांची खोली मी घेतो. तुला हेच हवं होतं ना?"

हेच हवं होतं. नाताळापासून रोज रात्री झोपताना तिने हेच मागितलं होतं. हे वाक्य तो म्हणेल तेव्हा आपण रडू, असंही तिला वाटायचं. आता तो म्हणाला, आणि तिला त्या टेबलाचा, त्या पाईचा, आपल्या स्वतःच्या सूपचा वीट आला. हा माणूस या घरात रोज जेवेल, रोज दार उघडून आत येईल, एल्डनच्या बिछान्यावर झोपेल. आपल्या पोटच्या मुलाची किळस वाटू शकते, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

ती भिंतीवरच्या फोनकडे गेली.

"कुणाला करतेस?"

"शिकारखात्याला."

"आई, वेडी झालीस का? माझा परवाना जाईल. धंदा गेला समज. दंड वेगळा." आता तो उठला. "तू फोन केलास तर मी जाईन. आणि पुन्हा येणार नाही, हे नीट ऐकून ठेव."

याच धमकीला भिऊन ती तीन महिने जगली होती. तिची वाट पाहत, तिला टाळत, तिच्यापुढे वाटी सरकवत. आता धमकी ऐकल्यावर छातीत कळ येईल म्हणून ती थांबली. कळ आली नाही. खूप दिवस दुखणारा दात निघाल्यावर येते तशी एक मोकळी, रिकामी जागा आली. तिने आकडे फिरवले.

"मी अर्डेला झीब," ती फोनमध्ये म्हणाली. "माझ्या जमिनीवर हंस फेकलेत, खड्डा भरून. हो, मला माहीत आहे कुणी फेकले. माझ्या मुलाने."

ट्रेंटने दोन बॅगा भरल्या तेवढ्या वेळात तिने टेबल पुसून काढलं. जाताना तो दारात थांबला, तिने थांबवावं म्हणून, लहानपणी थांबायचा तसाच. मग त्याची नजर खुर्चीकडे गेली.

"बंदूक ठेवून जाऊ? बाबांची आहे."

"घेऊन जा. ती तुझीच आहे आता."

त्याने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी त्याला पहिल्यांदाच लागलं असावं, कारण त्याचा चेहरा तेवढ्यापुरता वाकडा झाला. त्याने बंदूक उचलली. गाडी वळली, फाटकातून बाहेर पडली आणि खडीच्या रस्त्याने दक्षिणेकडे गेली.

तासाभराने शिकारखात्याचा अधिकारी आला. तरुण होता, गाडीतून उतरून टोपी काढून उभा राहिला.

"मिसेस झीब, तुम्ही घरात थांबा," तो म्हणाला. "जागा तेवढी सांगा, मी बघतो."

"तुम्हाला सापडणार नाही," अर्डेला म्हणाली. तिने पुन्हा बूट चढवले आणि त्याच्या पुढे चालू लागली.